मिनी गोल्फमध्ये चेंडूचा रंग कसा निवडायचा

काउंटरवर पटर (चेंडू ढकलायची काठी) हातात पडतो, शेजारी रंगीत चेंडूंची टोपली असते आणि मागे रांग असते. मग आवडीचा रंग उचलायचा आणि निघायचं, असंच बहुतेकांचं होतं. आठव्या होलला (‘होल’ म्हणजे खेळायचा अख्खा पट्टा) ते अंगाशी येतं. कपापासून (‘कप’ म्हणजे चेंडू ज्यात पाडायचा ते भोक) वीतभर अंतरावर एक लाल आणि एक नारंगी चेंडू, वर पिवळट दिवा, आणि दोघंही सांगतायत की जवळचा तो माझा. नाहीतर चौघं जण झुडपात वाकून हिरवा चेंडू शोधतायत आणि मागचा ग्रुप पटरवर रेलून बघत उभा आहे.

रंगामुळे चेंडू सरळ जात नाही की वळत नाही. लाल चेंडू जास्त पळतो, काळा जड असतो, असलं काही कोणी सांगितलं तर सोडून द्या. रंगाची कामं दोनच: चेंडू दिसला पाहिजे आणि तो कोणाचा हे चार पावलांवरून कळलं पाहिजे.

नवखा माणूस रंग निवडताना कार्पेट बघतो आणि तिथेच चुकतो. हिरवा सोडला तर कार्पेटवर कुठलाही चेंडू दिसतोच. हरवतो तो कार्पेटच्या बाहेर: विटांच्या कडेला, सुक्या पानांत, पाण्यात. म्हणून चेंडू जिथे जाऊ नये असं वाटतं, त्याच जागा बघून रंग ठरवा.



सोबत काय असावं

फार काही नाही.

• कॅमेरा असलेला फोन. रंग तपासायलाही तो लागणार आहे.
• पेन्सिल. स्कोअरकार्डाबरोबर मिळते, पण टोक असेलच असं नाही.
• छोटा सुती रुमाल. ओल्या मातीत लोळलेला चेंडू रंगाने ओळखू येत नाही.
• रोज वापरत असाल तो चष्मा किंवा गॉगल.
• काही ठिकाणी पटर आणि चेंडूसाठी अनामत रक्कम किंवा ओळखपत्र ठेवून घेतात, तेही हाताशी असू द्या.

१. टोपलीला हात लावण्याआधी कोर्स बघून घ्या

काउंटरजवळून निदान तीन-चार होल दिसतात. अर्धा मिनिट थांबा आणि चार गोष्टी बघा. कार्पेटचा रंग कुठला आहे? सगळीकडे हिरवंच असतं असं नाही. निळं, लाल, विटकरी कार्पेटही असतं, आणि काही कोर्सचे पट्टे सिमेंटचे राखाडी असतात. पट्ट्याची कड कशाची आहे: वीट, लाकूड की रंगवलेला पाइप? कडेपलीकडे काय आहे: पानं, खडी, बारीक गवत की साल पसरलेली माती? पाणी आहे का, आणि ते स्वच्छ आहे, शेवाळलेलं आहे की निळा रंग टाकलेलं?

यात सगळ्यात महत्त्वाची कड. चेंडू थांबतो तो बहुतेक वेळा कडेला टेकूनच. विटांची कड असेल तर लाल, नारंगी आणि चॉकलेटी चेंडू दहा पावलांवरून विटेचाच भाग वाटतात. कार्पेटच्या मधोमध हेच रंग झकास उठून दिसतात, म्हणून माणूस फसतो.

२. जागेप्रमाणे रंग

हिरवं कार्पेट, आजूबाजूला झाडी: पिवळा, पांढरा, गुलाबी किंवा राणी. राणी रंगाला फारसं कोणी हात लावत नाही, पण हिरव्यावर तो सगळ्यात ठसठशीत. हिरवा, पोपटी आणि गर्द निळा टाळा. पोपटी चेंडू हातात चमकतो, पण उन्हात कोवळ्या पानांखाली गेला की संपलं.

सुकी पानं, साल, खडी: पिवळा, नारंगी आणि चॉकलेटी इथे बुडतात. खडी फिकट असेल तर पांढराही जातो. आकाशी किंवा गडद गुलाबी घ्या. निळ्या रंगाचं पान झाडावरून पडत नाही, एवढा हिशोब पुरे.

सिमेंटचे राखाडी पट्टे: पांढरा भर उन्हात दिसतो, पण डोळे दिपतात आणि चेंडूची कड नीट कळत नाही. लाल, नारंगी, निळा बरे.

पाणी: स्वच्छ उथळ पाण्यात पांढरा, पिवळा आणि नारंगी तळाशी दिसतात. शोभेच्या तळ्यात निळा रंग टाकलेला असेल तर गणित बदलतं. तो रंग पाण्यात जाणाऱ्या प्रकाशातला लाल-नारंगी भाग शोषून घेतो, त्यामुळे नारंगी आणि लाल चेंडू मळकट काळपट दिसतात. अशा तळ्यात पांढराच शोधायला सोपा. शेवाळलेल्या पाण्यात कुठलाच रंग कामाचा नाही. तिथे पाण्यातून चेंडू काढायची जाळी कुठे टांगली आहे तेवढं बघून ठेवा.

एकाच कोर्सवर हे सगळं एकत्र असेल तर पिवळा (सुकी पानं फार नसतील तर) किंवा गुलाबी यांपैकी एक घ्या आणि पुढे चला. त्यावर आणखी विचार करण्यात अर्थ नाही.

पिवळ्याच्या बाजूने शरीरशास्त्र आहे. उजेडात माणसाचा डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या, म्हणजे हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो. टेनिसमध्ये १९७२ साली नियमांत पिवळ्या चेंडूला जागा मिळाली ती टीव्हीवर पांढऱ्यापेक्षा तो चांगला दिसतो म्हणून. विम्बल्डनने मात्र १९८६ पर्यंत वाट पाहिली. आपल्याकडे टीव्ही नसला तरी डोळा तोच आहे.

३. उजेड कुठला आणि किती वेळ टिकणार

१८ होलांना चौघांचा ग्रुप साधारण तासभर घेतो. संध्याकाळी सुरू केलंत तर पहिल्या होलचा उजेड शेवटच्या होलला नसणार. रंग शेवटच्या होलसाठी निवडा.

दिवस मावळताना डोळ्याचं काम बदलतं. अंधूक उजेडात डोळा लाल रंगाला जवळजवळ बधिर होतो आणि निळा-हिरवा त्यामानाने उजळ दिसू लागतो. दुपारी पेटलेला दिसणारा लाल चेंडू संध्याकाळी काळपट गोळा होतो. लाल आणि गर्द जांभळा संध्याकाळी नकोतच. पांढरा आणि पिवळा शेवटपर्यंत साथ देतात.

दिवे लागल्यावर पिवळट प्रकाशात आणखी एक घोळ होतो: पांढरा आणि पिवळा एकसारखे दिसतात. दोघांनी हे दोन रंग घेतले असतील तर एकाने आधीच बदलून घ्यावा. निळा चेंडू अशा दिव्याखाली काळा दिसतो.

गॉगल घालून खेळणार असाल तर रंग गॉगल घालूनच निवडा. तपकिरी किंवा पिवळट काचेतून पांढरा आणि पिवळा जवळ येतात, निळा गडद होतो. काउंटरवर गॉगल कपाळावर सरकवून निवडलेला चेंडू उन्हात गेल्यावर दुसराच वाटतो.

४. ग्रुपमध्ये वाटप

एकट्याने खेळताना वरचं पुरे. दोघांपेक्षा जास्त असाल तर स्वतःच्या रंगापेक्षा दुसऱ्याच्या रंगापासूनचं अंतर महत्त्वाचं. या जोड्या एका ग्रुपमध्ये नकोत:

• लाल आणि नारंगी
• लाल आणि गडद गुलाबी
• पिवळा आणि पोपटी
• निळा आणि जांभळा
• पांढरा आणि फिकट पिवळा
• मोरपंखी आणि हिरवा

शंका असेल तर फोन काढा. निवडलेले सगळे चेंडू एका ओळीत ठेवा, कॅमेरा काळ्या-पांढऱ्यावर लावा आणि फोटो घ्या. चारही चेंडू राखाडी होतील, पण त्यांच्या छटा वेगवेगळ्या दिसल्या पाहिजेत. दोन चेंडूंची राखाडी छटा सारखी आली, तर त्यांच्यातला फरक फक्त रंगाचा आहे, उजळपणाचा नाही. असे दोन चेंडू अंधूक उजेडात एकमेकांत मिसळतात. लाल आणि हिरवा हे नेहमीचं उदाहरण: हातात घेतल्यावर जमीन-अस्मानाचा फरक, फोटोत सख्खी भावंडं. एवढंच लक्षात ठेवा की संध्याकाळी डोळ्याला लाल हा फोटोतल्यापेक्षाही गडद दिसतो.

चौघांसाठी सहसा जमणारा संच: पांढरा किंवा पिवळा यातला एक, नारंगी, आकाशी, आणि राणी. पाचवा गर्द निळा, सहावा काळा असेल तर तो. सहाच्या वर माणसं असतील तर रंगांचा प्रश्न सोडवत बसू नका, दोन ग्रुप करा. मग दुसऱ्या ग्रुपला तेच रंग पुन्हा वापरता येतात, फक्त दोन ग्रुपमध्ये एक होल रिकामं ठेवा.

मुलं सोबत असतील तर सगळ्यात धाकट्याने आधी निवडायचं, मग वयाने चढत जायचं. मोठ्यांनी उरलेला रंग घ्यायचा. उलट क्रम लावलात तर पहिल्या होलआधीच रुसवेफुगवे होतात. दोन मुलांना एकच रंग हवा असेल तर नऊ-नऊ होलांची वाटणी करा, नवव्या होलनंतर अदलाबदल. ती अदलाबदल स्कोअरकार्डावर लिहून ठेवा, नाहीतर दहाव्या होलपासून गुण चुकीच्या रकान्यात जातात.

कोणत्या रंगाने आधी खेळायचं असा मिनी गोल्फमध्ये सर्वमान्य नियम नाही. क्रोके (लाकडी हातोड्याने चेंडू कमानींतून मारायचा खेळ) याच्या काही प्रकारांत तो आहे: निळा, लाल, काळा, पिवळा हा क्रम खुंटीवरच रंगवलेला असतो. तिथून कोणी हा क्रम आणला तर हरकत नाही, पण तो आपापसातला समजायचा.

५. ज्यांना रंग नीट वेगळे दिसत नाहीत

हा भाग वगळू नका, कारण ज्याला ही अडचण असते तो बहुधा सांगत नाही. लाल-हिरव्यातला फरक न कळणं पुरुषांत बरंच आढळतं. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ०.५ टक्के. अशा माणसाला हिरव्या कार्पेटवरचा लाल चेंडू, जो तुम्हाला लांबून दिसतो, तो दिसतच नाही. नारंगी-पोपटी, निळा-जांभळा याही जोड्या त्याच्यासाठी एकच.

उपाय साधा आहे: त्याला पिवळा किंवा पांढरा द्या आणि बाकीच्यांनी गडद रंग घ्या. कारण विचारत बसू नका.

वयस्कर मंडळींचं वेगळं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, मोतीबिंदूत जास्तच. मग गर्द निळा आणि काळा एकसारखे वाटतात, पांढरा आणि फिकट पिवळाही. त्यांच्यासाठी भडक नारंगी सोयीचा.

६. रंग ठरला, आता त्या रंगातला चांगला चेंडू शोधा

इथे घाई करू नका. खेळावर परिणाम करतं ते हेच. टोपलीत एका रंगाचे पाच-सहा चेंडू असतात आणि त्यांची अवस्था सारखी नसते.

आधी बोटांनी फिरवून बघा. नख अडकेल अशी चीर किंवा उडालेला टवका असेल तर परत ठेवा. हळू फटका मारताना चेंडू अशा टवक्यावर आला की शेवटच्या फूटभरात दिशा सोडतो, आणि तुम्ही मनगटाला दोष देत बसता.

मग काउंटरच्या सपाट भागावर हलकेच लोळवा. डोलत जात असेल तर तो गोल राहिलेला नाही. त्यानंतर त्याच रंगाचे दोन चेंडू कमरेच्या उंचीवरून कठीण जमिनीवर एकदम सोडा. जो कमी उसळतो आणि बसका आवाज करतो तो आतून फुटलेला असण्याची शक्यता जास्त. मिनी गोल्फमध्ये फार उसळणारा चेंडूही नको, कारण कडेवरून तो हाताबाहेर जातो. दोन्हींच्या मधला घ्या.

आकाराकडेही लक्ष द्या. नेहमीच्या गोल्फचा चेंडू किमान ४२.६७ मिलिमीटर व्यासाचा आणि जास्तीत जास्त ४५.९३ ग्रॅम वजनाचा असतो, आणि भाड्याने मिळणारे बहुतेक चेंडू याच आकाराचे असतात. टोपलीत लहान आकाराचा एखादा घुसलेला असेल तर तो सोडा, पटरच्या मधोमध बसत नाही.

शेवटी रंग किती उरलाय ते बघा. झिजून पांढरट झालेला गुलाबी चेंडू पाच पावलांवरून पांढराच दिसतो. मनासारख्या रंगात धड चेंडू मिळत नसेल तर रंग सोडा, चेंडू सोडू नका.

७. कोणाचा कुठला, हे लिहून ठेवा

स्कोअरकार्डावर नावाशेजारी रंग लिहा. अंधारात वाचता येईल असं, पूर्ण शब्दात. ‘नि’ लिहिलंत तर तो निळा की निऑन यावर वाद होतो. त्याबरोबर चेंडूंचा एक फोटो, प्रत्येकाच्या हातात आपापला चेंडू असलेला, काढून ठेवा.

रंग कमी पडले आणि दोघांना एकच रंग घ्यावा लागला तर चेंडूवर छापलेला आकडा किंवा शिक्का वेगळा असलेले दोन निवडा. भाड्याच्या चेंडूवर पेनाने खूण करू नका. स्टिकर तर मुळीच नको. स्टिकरवर चेंडू आला की उडी मारतो.

८. खेळताना होणारे घोळ

दुसऱ्याचा चेंडू मारला जाणं हा सगळ्यात नेहमीचा. मोठ्या गोल्फमध्ये स्ट्रोक प्लेला (एकूण फटके मोजून खेळायचा प्रकार) चुकीच्या चेंडूसाठी दोन फटक्यांचा दंड आहे. मित्रमंडळींच्या खेळात एवढं कडक व्हायची गरज नाही: चेंडू होता तिथे परत ठेवायचा, तो फटका मोजायचा नाही, दंड नाही. पण हे पहिल्या होलआधी ठरवा. घोळ झाल्यावर ठरवायला गेलात तर ज्याचा फायदा होतो तोच नियम सांगतो.

कपातला चेंडू लगेच काढा. गडद चेंडू कपाच्या सावलीत दिसत नाही, आणि दुसऱ्याचा चेंडू त्यावर आदळून बाहेर येतो.

शेजारच्या होलवरचा चेंडू तुमच्या पट्ट्यात येईल आणि तो नेमका तुमच्याच रंगाचा असेल. उचलण्याआधी आकडा बघा. नळीतून खाली जाणाऱ्या होलला एक जण खालच्या तोंडाशी उभा ठेवा; वरून चेंडू कोणाचा सुटला ते माहीत असतं, खालून कुठला आला ते नाही.

चेंडू हरवला आणि काउंटरवरून बदली आणला, तर तो ग्रुपमधल्या कोणाशी जुळत नाही ना ते बघूनच घ्या. धावत जाऊन हाताला लागेल तो आणतात आणि सगळी वाटणी फिसकटते.

९. अंधाऱ्या हॉलमधला मिनी गोल्फ

जांभळ्या दिव्यांखाली, बाकी अंधार करून खेळतात तो प्रकार. इथे वरचे बरेचसे नियम उलटतात.

हे दिवे प्रामुख्याने अतिनील आणि जांभळा प्रकाश देतात. निऑन रंग तो शोषून आपल्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणून चकाकतात. साधा लाल, साधा निळा, साधा पिवळा चेंडू यातलं काहीच करत नाही आणि दगडासारखा काळा पडतो. पांढऱ्याचं सांगता येत नाही: त्यात उजळपणा आणणारं रसायन असेल तर निळसर चमकतो, नसेल तर नाही. तुमचा पांढरा शर्ट चमकतो तो कपड्यात आणि साबणात असलेल्या अशाच रसायनामुळे, त्यावरून चेंडूचा अंदाज बांधू नका.

काउंटर बहुधा उजेडात असतो, खेळ अंधारात. त्यामुळे निवडलेला चेंडू दारातून आत जाऊन दिव्याखाली धरा आणि मगच पक्का करा. चारही चेंडू एकत्र धरले तर लगेच कळतं की पिवळा आणि पोपटी इथे एकाच रंगाचे झालेत, नारंगी आणि गुलाबीही जवळ सरकलेत. चौघांत हिरवट-पिवळा एकच असू द्या, एक नारंगी, एक निळा. चौथ्यासाठी गुलाबी, पण नारंगीशेजारी धरून फरक बघा.

शिवाय भिंती, कडा, आडवी लावलेली खेळणी याच निऑन रंगांनी रंगवलेली असतात. पोपटी कडेला टेकलेला पोपटी चेंडू अंधारातही लपतो.

१०. स्पर्धेचे चेंडू: तिथे रंग वेगळंच काही सांगतो

मिनी गोल्फची स्पर्धा कधी बघितलीत तर खेळाडू प्रत्येक होलला पिशवीतून वेगळा चेंडू काढताना दिसेल. जागतिक मिनी गोल्फ महासंघाच्या नियमांत चेंडूचा व्यास ३७ ते ४३ मिलिमीटर चालतो, आणि एक मीटरवरून टाकलेला चेंडू ८५ सेंटिमीटरपेक्षा जास्त उसळता कामा नये. या मर्यादेत मऊ, कडक, जड, हलके, ठार मेलेले (जवळजवळ न उसळणारे) आणि उसळणारे असे असंख्य प्रकार असतात. तिथे रंग ही फक्त त्या चेंडूची ओळखखूण असते. खेळाडू ‘अमुक निळा’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात उसळी आणि वजन असतं.

रंगाच्या थराने खेळ बदलतो तोही इथेच. काही चेंडूंवर लाखेसारखा गुळगुळीत थर असतो, काही तसेच उघडे असतात, आणि दोघं कडेवर आपटून वेगवेगळ्या कोनात उठतात. तापमानाचंही तसंच: गरम चेंडू जास्त उसळतो, म्हणून ही मंडळी चेंडू तापमान टिकवणाऱ्या पिशवीत ठेवतात. भाड्याच्या चेंडूने खेळणाऱ्याला यातलं एवढंच घेण्यासारखं: गडद चेंडू तळपत्या उन्हात कडेवर ठेवून गप्पा मारत बसू नका.

११. शेवटचं होल

बऱ्याच कोर्सवर शेवटच्या कपात पडलेला चेंडू परत मिळत नाही. तो नळीतून थेट काउंटरकडे जातो. बरोबरी झाली असेल आणि पुन्हा एक होल खेळायचं ठरत असेल, तर ते शेवटच्या कपात चेंडू पाडण्याआधी ठरवा. कोणी स्वतःचा चेंडू घेऊन आला असेल तर त्याने या होलसाठी काउंटरवरून एक भाड्याचा चेंडू मागून घ्यावा, तोही इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचा.